लॅपटॉपचा जॅक : एका लहानशा खोबणीचा इतिहास

ज्या घरात किंवा शाळेत लॅपटॉप संगणक चार-पाच वर्षे वापरला गेला आहे, तेथे एक तक्रार हमखास ऐकू येते. "वायर जरा तिरकी धरली की चार्ज होतोय, सोडली की बंद!" मग कुणी वायरीखाली वही सरकवतो, कुणी ती दोऱ्याने बांधून ठेवतो, कुणी बोटाने दाबून धरतो. काही महिने असे निघून जातात आणि एके दिवशी दिवा लागतच नाही. संगणक मेला, असा निकाल दिला जातो आणि तो कपाटात जातो.

वास्तविक संगणक मेलेला नसतो. त्याची स्मृती शाबूत असते, पडदा शाबूत असतो, कळफलक शाबूत असतो. मोडलेली असते ती वीज आत घेणारी, बोटाच्या पेराएवढी खोबण. दुरुस्तीच्या दुकानात तिला डीसी जॅक किंवा चार्जिंग जॅक म्हणतात. उंबरठा झिजला म्हणून कुणी घर पाडत नाही. परंतु जॅक मोडला म्हणून संगणक टाकून देणारे पुष्कळ आहेत.

एवढ्याशा वस्तूला इतिहास तो काय असणार, असे आपल्याला वाटेल. पण मित्रहो, इतिहास केवळ किल्ल्यांना आणि लढायांनाच असतो असे नाही. आपल्या हाताखालच्या वस्तूंनाही तो असतो, आणि या खोबणीच्या इतिहासात एक प्रश्न पुनःपुन्हा डोके वर काढतो. जो भाग झिजणार हे ठाऊकच आहे, तो मालकाला बदलता येईल असा बनवायचा की नाही? नांगराचा फाळ झिजतो, तो आपण बदलतो. नांगर फेकून देत नाही. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव झिजते, ती नवी चढवतात. चाक तेच राहते. हे शहाणपण आपल्या सुतार-लोहारांना फार पूर्वीपासून आहे. विजेच्या यंत्रांत ते कधी आले, कधी हरवले आणि आता पुन्हा कसे येऊ पाहत आहे, ते आज पाहू.

प्रथम या शब्दाकडे वळू. 'जॅक' हा शब्द आला दूरध्वनीच्या दुनियेतून. 28 जानेवारी 1878 रोजी अमेरिकेतील न्यू हेवन या गावी दूरध्वनीचे पहिले व्यापारी केंद्र सुरू झाले. आपल्याकडे 1882 साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे अशी केंद्रे निघाली. या केंद्रांत एका माणसाची तार दुसऱ्याच्या तारेला जोडून द्यावी लागे, आणि तीही दिवसातून शेकडो वेळा. शिकागोच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतील चार्ल्स स्क्रिब्नर या तरुणाने त्यासाठी एक खटका तयार केला. तो दिसायला घडीच्या चाकूसारखा होता. इंग्रजीत अशा चाकूला जॅकनाइफ म्हणतात. त्यावरून खटक्याला जॅकनाइफ म्हणू लागले आणि बोलता बोलता चाकू गळून नुसता 'जॅक' उरला.

पुढे या खटक्याची सुधारणा होऊन खोबणीत स्प्रिंगच्या पात्या आल्या. पिन आत सरकवली की पाती उचलली जाई, एक जोड सुटे आणि दुसरा जोड लागे. ही युक्ती फार टिकाऊ ठरली. खिशातल्या ट्रान्झिस्टर रेडिओला कानात घालायचा फोन लावला की मोठा आवाज आपोआप बंद होई, तो याच युक्तीने. अडॅप्टरची पिन लावली की आतले सेल तुटून रेडिओ बाहेरच्या विजेवर चालू लागे, तोही याच युक्तीने. लॅपटॉपच्या गोल जॅकचे मूळ घराणे ते हेच.

आता घरातल्या प्लगाकडे येऊ. विजेचे दिवे आले तेव्हा सुरुवातीला भिंतीत प्लग लावण्याची सोय नव्हती. अमेरिकेत पंखा किंवा इस्त्री लावायची तर दिवा काढून त्याच्या जागी तार फिरवून बसवीत. हार्वे हबेल या कारखानदाराला 1904 साली सुट्या प्लगाचे पेटंट मिळाले. तेव्हापासून उपकरण भिंतीपासून सहज वेगळे करता येऊ लागले. आपल्या घरांत जो गोल तीन पिनांचा प्लग आहे, तो 1934 सालच्या एका ब्रिटिश मानकाचा वारसदार आहे. गंमत अशी की खुद्द ब्रिटनने 1947 साली चौकोनी पिनांचा, पोटात फ्यूज असलेला नवा प्लग स्वीकारला. आपण मात्र गोल पिनाच ठेवल्या. त्यातली वरची पिन जाड आणि लांब असते. का, हे मुलांना जरूर विचारा. ती जमिनीशी, म्हणजे अर्थिंगशी जोडणारी पिन असते. ती सर्वांत आधी लागावी आणि सर्वांत शेवटी सुटावी, म्हणून ती लांब.

या प्लगाची एक खुबी ध्यानात घेण्यासारखी आहे. तो मोडला तर गावातला कोणीही माणूस पेचकस घेऊन दहा मिनिटांत नवा बसवतो. दोन-तीन स्क्रू, तीन तारा, झाले काम. त्या काळच्या अनेक रेडिओंच्या खोक्यात आतल्या जोडणीचा नकाशासुद्धा चिकटवलेला असे. यंत्र कधीतरी बिघडणार आणि कुणीतरी ते उघडणार, हे बनविणाऱ्याने गृहीत धरलेले होते.

आता संगणक. 1981 साली ॲडम ऑस्बर्न यांनी 'ऑस्बर्न 1' हा उचलून नेता येणारा संगणक बाजारात आणला. या गृहस्थांचे बालपण आपल्या तामिळनाडूत, तिरुवण्णामलैला गेले होते, आणि 2003 साली त्यांचे निधनही कोडाईकनालला झाले. त्यांच्या संगणकाचे वजन होते सुमारे 11 किलो आणि त्याला बॅटरी नव्हती. भिंतीला लावल्याखेरीज तो चालत नसे. 1985 साली तोशिबा कंपनीचा टी 1100 आला. तो पुन्हा पुन्हा भरता येणाऱ्या बॅटरीवर चालत असे. येथून पुढे रूढ झालेली व्यवस्था अशी, की भिंतीतली 230 व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज बाहेरच्याच एका डबीत उतरवायची, एका दिशेची करायची आणि 19-20 व्होल्टवर आणून बारीक गोल पिनेने संगणकात सोडायची. ती डबी म्हणजे अडॅप्टर, आणि ती पिन जिथे शिरते तो जॅक.

रेडिओ टेबलावर ठेवला की ठेवला. त्याच्या पिनेला धक्का बसायचे कारण नसे. लॅपटॉप मात्र नावाप्रमाणे मांडीवरचा. तो उचलला जातो, सरकवला जातो, वायरीत मुलाचा पाय अडकतो. पिन बाहेर चार-पाच सेंटिमीटर डोकावत असते आणि आत जेमतेम एक सेंटिमीटर शिरलेली असते. पहारीने धोंडा उचलणाऱ्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागणार नाही. लांब टोकाला थोडा जोर लावला की आखूड टोकाला तो कितीतरी पट होतो. आणि हा सगळा जोर येतो कुणावर? जॅकचे तीन-चार पाय ज्या झाळाने पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, चिकटवलेले असतात त्या मऊ धातूवर. तार पुनःपुन्हा वाकवली की तुटते, तसाच हा झाळही हळूहळू तडकतो.

झाळ तडकला की दुसरा अनर्थ सुरू होतो. समजा, अडॅप्टर 65 वॅटचा आहे. 19 व्होल्टला प्रवाह होतो सुमारे 3.4 अँपिअर. सैल झालेल्या जोडात अर्धा ओहम विरोध निर्माण झाला, तर त्या एका टिंबाएवढ्या जागी जवळपास 6 वॅट उष्णता तयार होते. विज्ञान शिकवणाऱ्यांनी फळ्यावर मांडून पाहावे : प्रवाहाचा वर्ग गुणिले विरोध. लहान डागणीच 25 वॅटची असते, हे लक्षात घेतले म्हणजे प्लास्टिक काळे का पडते आणि जळका वास का येतो, ते उमगेल. तेव्हा वायर दाबून धरून काम भागवणे हा उपाय नव्हे, तो बिघाड वाढविण्याचा मार्ग आहे.

येथे झाळाविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण ती विद्या आपल्याला परकी नाही. गावात कल्हईवाला येत असे तो काय करी? भांडे तापवी, त्यात नवसागर टाकी आणि कथील वितळवून कापसाच्या बोळ्याने फिरवी. नवसागराने धातूवरचा मळ आणि गंज निघून जाई, म्हणून कथील धरे. रेडिओ आणि संगणकांतला झाळ हा या कल्हईचाच भाऊबंद आहे. कथील तेच, नवसागराच्या जागी राळ. निव्वळ कथील 232 अंशांना वितळते, शिसे 327 अंशांना; परंतु 63 भाग कथील आणि 37 भाग शिसे एकत्र केले की मिश्रण 183 अंशांनाच वितळते. दोघांहूनही लवकर! या एका गुणामुळे कितीतरी वर्षे घरगुती डागणीवर विजेची दुरुस्ती होत आली.

2006 हे वर्ष या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी 1 जुलैपासून युरोपीय संघाने विजेच्या उपकरणांतील शिशावर कडक मर्यादा घातली. शिसे विषारी, तेव्हा निर्णय योग्यच होता. परंतु त्याच्या जागी आलेला कथील-चांदी-तांब्याचा झाळ वितळायला सुमारे 217 अंश लागतात, आणि मदरबोर्डमधील तांब्याचे थर उष्णता झपाट्याने ओढून घेतात. परिणामी जुन्या बारीक डागणीने जॅक काढणे अवघड होऊन बसले.

दुसरी गोष्ट त्याच वर्षी जानेवारीत घडली. ॲपल कंपनीने लोहचुंबकाने चिकटणारी पिन आणली. वायरीत पाय अडकला तर पिन अलगद सुटून पडे, जॅकवर ताण येत नसे. ही कल्पना जपानी घरांतील पाणी तापवण्याच्या भांड्यांत आधीपासून होती. उकळते पाणी अंगावर सांडू नये, म्हणून तिथे चुंबकाची पिन वापरीत. म्हणजे मार्ग ठाऊक होता. प्रश्न तो पत्करण्याचा होता.

इतर कारखानदारांत दोन पंथ पडले. काहींनी जॅक लहानशा तारेला लावून दिला. त्याचे दुसरे टोक खटक्याने मदरबोर्डवर बसते. असा जॅक मोडला तर दोन-चार स्क्रू काढून तारेसकट बदलता येतो, डागणी तापवावीच लागत नाही. दुसऱ्यांनी तो थेट मदरबोर्डवर झाळला. त्यामुळे सर्वांत स्वस्त भाग सर्वांत महाग भागाशी कायमचा बांधला गेला, आणि ग्राहकाला कित्येकदा सांगण्यात येऊ लागले की मदरबोर्डच बदला. फाळासाठी नांगर बदला, असाच हा सल्ला झाला.

मग स्वतः दुरुस्ती करायची तर कशी? क्रम सांगतो.

प्रथम दोष जॅकचाच आहे ना, याची खात्री करा. पुष्कळदा अडॅप्टरची वायर पिनेपाशी आतून तुटलेली असते. तेवढ्याच व्होल्टचा आणि त्याच कंपनीचा दुसरा अडॅप्टर लावून पाहा, किंवा मल्टीमीटरने पिनेवरचे व्होल्ट मोजा. तेथे व्होल्ट ठीक असतील आणि जॅक हाताला सैल लागत असेल, तरच संगणक उघडा. हमी अजून चालू असेल तर उघडू नका, हेही सांगून ठेवतो.

उघडण्यापूर्वी अडॅप्टर काढा. झाकण उघडल्यावर पहिले काम बॅटरीची जोडणी सोडवण्याचे. बॅटरी फुगलेली दिसली तर तिला टोचू नका, दाबू नका. काम तिथेच थांबवून जाणत्याकडे न्या. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून कागदावर संगणकाची आकृती काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी ठेवत जा. जॅक तारेचा असेल तर त्यावरचा क्रमांक पाहून तंतोतंत तसाच मागवा आणि बसवा. काम संपले.

तो झाळलेला असेल तर मात्र हात बसलेला हवा. जुन्या झाळावर आधी थोडा नवा, शिसेमिश्रित झाळ वितळवा. म्हणजे मिश्रण लवकर पातळ होते. मग तांब्याच्या विणलेल्या पट्टीने किंवा पंपाने तो शोषून घ्या. जॅक आपणहून मोकळा होईपर्यंत ओढू नका, कारण ओढलात तर भोकातले तांब्याचे अस्तर उखडून येते आणि दहा रुपयांचे काम दहा हजारांचे होते. नवा जॅक बसवल्यावर, वीज सोडण्याआधी, धन आणि ऋण टोकांत मल्टीमीटर लावून पाहा. ती एकमेकांना चिकटलेली असतील तर वीज सोडू नका. काम खिडकीपाशी करा आणि नंतर हात स्वच्छ धुवा. पहिला प्रयोग चालू संगणकावर न करता भंगारातल्या एखाद्या पाटीवर करावा, हे उत्तम.

आणि एक गोष्ट कधीही करू नये. अडॅप्टरची बंद डबी फोडू नये. 230 व्होल्टची वीज आत सुमारे 325 व्होल्टपर्यंत साठवली जाते आणि प्लग काढल्यानंतरही काही काळ ती तिथे असू शकते. धाडस आणि अविचार यांत फरक आहे.

क्रम सांगणे सोपे. पण संगणक उघडायचा कसा, हे सांगणारी पुस्तिका मिळायला नको का? इथेच हा इतिहास कायद्याच्या दारात येतो. आयबीएम कंपनीने 1981 सालच्या आपल्या वैयक्तिक संगणकाचे आराखडे छापून दिले होते. पुढे अनेक कंपन्यांनी अशा पुस्तिका ग्राहकांसाठी बंद केल्या. 2003 साली कॅलिफोर्नियातील काइल वीन्स आणि ल्यूक सोल्स या दोन विद्यार्थ्यांना ॲपलच्या आयबुक संगणकाची दुरुस्ती-पुस्तिका कोठेच मिळेना. तेव्हा त्यांनी स्वतः यंत्रे उघडून, छायाचित्रे काढून मार्गदर्शिका लिहायला घेतल्या. त्यातून 'आयफिक्सिट' ही संस्था उभी राहिली, आणि तिच्या मार्गदर्शिका आज कोणालाही मोफत वाचता येतात.

हळूहळू याला 'दुरुस्तीचा हक्क' असे नाव मिळाले. या मागणीत शेतकरीही पुढे होते, हे आपण ध्यानात ठेवावे. कंपनीच्या माणसाखेरीज ट्रॅक्टर उघडता येत नाही, ही तक्रार अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी लावून धरली, आणि 2023 साली कोलोरॅडो राज्याने शेती-अवजारांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये या विषयावर समिती नेमली. तिने निवडलेल्या चार क्षेत्रांत शेती-अवजारे आहेत, मोबाइल आणि टॅबलेट आहेत, घरगुती उपकरणे आहेत आणि वाहने आहेत. 24 डिसेंबर 2022 रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी एक संकेतस्थळही सुरू झाले.

खोबणीचे रूपही पालटले आहे. 2014 साली यूएसबी टाइप-सी हा नमुना ठरला. दोन्ही बाजूंनी कशीही घाला, चालते. त्यातली शहाणपणाची गोष्ट अशी की झिजणाऱ्या स्प्रिंगच्या पात्या यंत्राच्या खोबणीत न ठेवता वायरीच्या टोकात ठेवल्या आहेत. झीज व्हायची ती स्वस्त वायरीची व्हावी, यंत्राची नव्हे. फाळाचे शहाणपण येथे परत आले! युरोपीय संघाने 28 डिसेंबर 2024 पासून मोबाइलना ही खोबण सक्तीची केली आणि लॅपटॉपसाठी 28 एप्रिल 2026 ही तारीख ठरवली. मात्र सारे काही साधले असे समजू नये. या खोबणीत 24 बारीक संपर्क असतात. ती थेट मदरबोर्डवर झाळलेली असेल आणि मोडली, तर जुन्या गोल जॅकपेक्षाही ती बदलणे कठीण. वेगळ्या छोट्या पाटीवर बसवलेली असेल, तर सोपे.

म्हणून शाळेसाठी किंवा घरासाठी संगणक घेताना वेग आणि किंमत यांबरोबर आणखी दोन प्रश्न दुकानदाराला विचारत चला. चार्जिंगचा जॅक वेगळा बदलता येतो का? आणि यंत्र उघडण्याची पुस्तिका मिळते का? दुकानदार पहिल्या वेळी गोंधळेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर तो कंपनीला विचारील. आणि शाळेच्या कपाटात 'मेलेला' म्हणून ठेवलेला एखादा लॅपटॉप असेलच, तर पुढच्या शनिवारी तो मुलांसमोर टेबलावर काढा. बॅटरी सोडवा, जॅक शोधा आणि तो तारेवर आहे की झाळलेला, एवढे तरी मुलांना पाहू द्या.